गाळलेलं वाक्य

चीफ कोर्टातले हंगामी न्यायाधीश आता कायम होणार, ही बातमी म्हैसुरात आली, त्या दिवशी मी कचेरीत पोचायच्या आत मला ती चार जणांनी ऐकवली. चीफ कोर्ट म्हणजे आमच्या संस्थानाचं हायकोर्टच. ते बंगळुरात. तिथे जाण्याआधी हे साहेब आमच्या म्हैसूरच्या सेशन कोर्टात होते आणि मी त्यांच्या हाताखाली कारकून होतो. साक्षीदार किंवा आरोपी मराठी बोलणारा निघाला, तर दुभाष्याचं कामही माझ्याकडेच असे. त्यामुळे भेटेल तो थांबवून विचारायचा, "काय रायरे, तुमचे साहेब पक्के होणार म्हणे?" आम्हाला, म्हणजे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतल्या माणसांना, कानडी लोक रायरु म्हणतात. मी हसून मान हलवायचो आणि पुढे चालू लागायचो.

गावात मात्र दोन तट पडले. साहेब मद्रास इलाख्यातले, कुणा जुन्या दिवाणांनी आणलेले. म्हैसूरच्या मोठ्या जागा म्हैसूरच्या माणसांना मिळाव्यात, असा सूर तेव्हा वाढत चालला होता, आणि ह्या नेमणुकीनं त्याला धार आली. वकिलांच्या खोलीत एका बाजूचे लोक दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसेनासे झाले. कॉफी हॉटेलात वाद इतके रंगत की मालक येऊन हात जोडायचा. एका बाजूचं म्हणणं, साहेब कुणाची भीड धरत नाहीत, फाईल स्वतः वाचतात, ज्यांची अपिलं फेटाळली तेच आता ओरडतायत. दुसरी बाजू म्हणे, आपल्या मातीत काय माणसं नाहीत? हा वकिलाला धड बोलू देत नाही, कानडी बोलतो ते पुस्तकातलं वाचल्यासारखं.

मी दोन्हीकडचं ऐकत असे. खरं म्हणजे मी एका गोष्टीची वाट बघत होतो. ती अजून कुणी काढली नव्हती.

ती गोष्ट चार वर्षांपूर्वीची. बोगादी तेव्हा गावाबाहेरचं खेडं होतं, शेतांमधून पायवाटेनं जावं लागे. तिथे जुन्या घोडेस्वारांची काही मराठी घरं होती. पथकं कधीच मोडली होती, पण घरातून घोडी गेली नव्हती. त्यातल्याच एका तिशीतल्या माणसावर खुनाचा खटला होता. त्याचा शेजारी त्याची घोडी न विचारता घेऊन गेला आणि दौडवून लंगडी करून परत घेऊन आला. दुपारी तळ्यापाशी ह्यानं त्या शेजाऱ्याला चार माणसांदेखत बडवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेजारी तळ्याच्या बांधाखाली मरून पडलेला सापडला, डोकं दगडानं फुटलेलं. ह्याच्या सदऱ्यावर रक्त होतं. ह्याला धरलं.

खटला चालला तेव्हा तो बोलेनाच. बाजारात वागण्यापुरतं कानडी त्याला येत होतं, पण पिंजऱ्यात उभा राहिल्यापासून त्याची वाचाच बसली होती. सरकारनं दिलेल्या वकिलाला तो हूं का चूं करीना. तिसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला थेट विचारलं, तुला काही सांगायचं आहे का? तेव्हा त्यानं मान वर केली आणि घरच्या भाषेत बोलला.

"मी मारलं त्याला. ह्या हातांनी मारलं. माझी घोडी लंगडी केली त्यानं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

आपल्या भाषेत मारणं म्हणजे बडवणंही आणि जीव घेणंही. कानडीत तसं नाही. बडवलं तर 'होडदे', जीव घेतला तर 'कोंदे'. मला दोनातला एक शब्द निवडायचा होता, आणि निवडायचा आहे हे माझ्या ध्यानातही आलं नाही. तीन दिवस सरकारी वकील खून, खून म्हणत होता. माझ्या जिभेवर शब्द तयारच होता. मी म्हणालो, "कोंदे."

साहेबांची लेखणी कागदावर टेकली होती, ती त्यांनी उचलली. मला इंग्रजीत विचारलं, "तुमच्या भाषेत मारहाणीला आणि खुनाला निराळे शब्द आहेत का?"

"तोच शब्द दोन्हींना चालतो, साहेब. पण इथे अर्थ स्पष्ट आहे."

त्यांनी लेखणीचं टोक आरोपीकडे केलं. "त्याला परत विचारायचं का?"

मी नकारार्थी मान हलवली. "गरज नाही. माझी मातृभाषा आहे ती."

हे मी जरा तोऱ्यातच म्हणालो, हे मला अजून आठवतं. त्या घोडेस्वारांच्या घरांतलं मराठी आमच्या घरी चेष्टेचा विषय होतं. अर्धं कानडी, त्यात लष्करी शिव्या. अशा माणसाला भर कोर्टात 'बाबा रे, तुला म्हणायचंय काय' असं विचारणं मला कमीपणाचं वाटलं. साहेबांनी लेखणी परत टेकवली आणि लिहिलं. बचावाच्या वकिलाला मराठीचा गंध नव्हता. दाराशी त्या माणसाची बायको उभी होती, कडेवर लहान मुलगी. तंजावरकडून लग्न करून आणलेली, तिला तेव्हा कानडी येत नव्हतं. मी बोललो तेव्हा ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

फाशीची शिक्षा झाली. चीफ कोर्टानं ती कायम केली. एका सकाळी म्हैसूरच्या तुरुंगात ती अमलात आली. मी त्या दिवशी नेहमीच्या वेळी कचेरीत होतो.

पुढे इन्फ्लुएंझाची साथ आली. घरोघरी माणसं पडली. जवळच्या टी. नरसीपूर गावच्या दवाखान्यात एक गाडीवान मरायला टेकला होता. त्यानं डॉक्टर आणि तालुक्याचा अमलदार समोर असताना सांगितलं की बोगादीच्या तळ्यावर सापडलेल्या त्या शेजाऱ्याचा जीव मी घेतला. संध्याकाळी बांधावर आमचं भांडण झालं, हातात दगड आला. दगड कुठे टाकला तेही त्यानं सांगितलं, आणि तो तिथे मिळाला. हा जबाब टपालानं आमच्या कचेरीत आला. जबाब कानडीत होता. त्यात शब्द 'कोंदे' होता, अगदी बरोबर वापरलेला.

मी तो कागद फाईलला लावला. दोरा दोनदा ओवावा लागला.

त्या दिवसापासून त्या माणसाचा आवाज माझ्या मागे लागला. चेहरा नाही, फक्त आवाज. जरासा घोगरा, बरेच दिवस न बोललेल्या माणसाचा. पंक्तीत वाढणं चाललेलं असताना, विहिरीवर पाणी ओढताना, कधीही. आमची धाकटी एकदा रडत आली, "दादानं मला मारलं!" आणि मी तिच्या दंडाला धरून ओरडलो, "म्हणजे काय? नीट सांग, म्हणजे काय केलं?" पोर घाबरून गप्पच झाली. बायको आतून धावत आली. तिला काय सांगणार? त्यानंतर घरात तो शब्द मी उच्चारत नसे. दुसऱ्या कुणी उच्चारला की उठून परसात जायचो.

आणखी एक विचार होता. त्या माणसाला कानडी समजत होतं. मी त्याच्याकडे पाठ करून साहेबांशी बोललो, माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचला नसेल, असं मी स्वतःला सांगायचो. पण पोचला असेल तर? ह्या शिकलेल्या माणसानं आपल्यातर्फे काहीतरी बरोबरच सांगितलं असेल, अशा भरवशावर तो गप्प राहिला असेल तर?

नेमणुकीची बातमी आल्यावर पंधरा दिवसांतच विरोधकांना हा खटला सापडला. 'निरपराध माणूस फासावर' अशी पत्रकं निघाली. ज्यांना साहेब मद्रासचे की म्हैसूरचे ह्याच्याशी देणंघेणं नव्हतं, तेही आता तावातावानं बोलू लागले. भाजी घेताना बायका बोलत. बंगळूरच्या वर्तमानपत्रांत पत्रं येऊ लागली. एकात साहेबांना घाईचा पुतळा म्हटलं होतं, आरोपीला धड विचारलंसुद्धा नाही म्हणून, दुसऱ्यात हा सगळा वकिलांचा कावा आहे असं होतं. महाराजांकडे अर्ज जायचा होता, त्याआधी टाउन हॉलात सभा ठरली.

विरोधकांचा पुढारी एक कानडी वकील होता. सज्जन माणूस, माझ्याशी नेहमी गोडीनं वागणारा. तो कोर्टाच्या व्हरांड्यात मला गाठून म्हणाला, "रायरे, रविवारी या. त्या फाशी गेलेल्याची बायको बोलणार आहे. तिला आता थोडंफार कानडी येतं, पण सभेत मराठीच बोलेन म्हणते. तुम्ही तिचं कानडी करून सांगा."

"मी सरकारी नोकर आहे," मी म्हणालो.

"तुम्हाला कुठे भाषण करायचंय? ती बोलेल तेवढंच सांगायचं."

कोर्टात त्या दिवशी दुभाषी मीच होतो, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं, किंवा आलं असलं तरी त्या शब्दाबद्दल त्याला ठाऊक नव्हतं. निकालात ते कशाला असेल? नाही म्हटलं तर का, असं विचारतील, ह्या भीतीनं मी हो म्हटलं.

रविवारी दुपारी हॉल भरून गेला होता. ती व्यासपीठावर आली, डोक्यावरून पदर, बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी. तिनं मला ओळखलं. ओळखल्याचं काही दाखवलं नाही, फक्त क्षणभर तिचे डोळे माझ्यावर थांबले. मग ती हळू आवाजात बोलू लागली. एक एक वाक्य बोलायची आणि थांबायची, मी ते मोठ्यानं कानडीत सांगायचो.

"माझ्या मालकांनी खून केला नाही."

मी सांगितलं.

"त्या दिवशी ते तळ्यावरून घरी आले, हात धुतले, जेवले. त्या घोडीच्या पायाला शेक देत बसले. रात्रभर घरात होते. मी सांगत होते, पण बायकोचं कोण ऐकतं?"

मी सांगितलं. हॉलात कुणीतरी "शिव शिव" म्हणालं.

"तुरुंगात मला एकदाच भेटू दिलं. घोडी उभी राहते का, एवढंच विचारलं त्यांनी."

मी सांगितलं. माझा आवाज फाटला होता, लोकांना वाटलं मी कळवळलो.

मग ती म्हणाली, "त्या साहेबांनी लेखणी थांबवली होती, ती मालकांकडे केली होती, मी दारातून पाहिलं. परत विचारायचं होतं त्यांना. त्यांना विचारू दिलं नाही."

माझ्यासमोर पाचशे तोंडं होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "माझ्या मुलीला बाप उरला नाही."

हॉल खवळला. "धिक्कार! धिक्कार!" लोक उभे राहिले. अर्जावर सह्या करायला रीघ लागली. तिचा आवाज माझ्यापलीकडे कुणाला ऐकू गेला नव्हता. ती माझ्याकडे बघत होती, आणि ह्या वेळी तिला कानडी समजत होतं. मग ती मुलीचा हात धरून खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून बोगादीला गेलो. ती अंगणात शेण्या उलथत होती. मी कुंपणाशी उभा राहिलो. आत या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

"राव, तुम्ही काल एक वाक्य गाळलंत," ती म्हणाली.

"हो."

"आणि मी न बोललेलं एक घातलंत."

"हो."

ती काम करत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी कोर्टात तुम्ही एक शब्द बोललात. मला तेव्हा अर्थ कळत नव्हता, पण आवाज कानात राहिला. कोंदे. दीड वर्षानं बाजारात एक बाई दुसरीला सांगत होती, कुत्र्यानं कोंबडी मारली. तिनं तसाच शब्द वापरला. मी तिला विचारलं, ह्याचा अर्थ काय गं? तिनं सांगितला. मी तिथेच खाली बसले."

मी हात जोडले. म्हणालो, "मला क्षमा..."

"ती नका मागू. तिचं मी काय करू?" हातातली शेणी तिनं जपून ठेवली. "एवढ्या मोठ्या कोर्टात एकाच माणसाला वाटलं, की ह्याला परत विचारावं. एकाच. आता सगळं गाव म्हणतंय त्यानं विचारलंच नाही. हेही खोटंच ना? माझ्या मालकांच्या नावावर मला आणखी एक खोटं नको. साहेबांनी विचारलं होतं, एवढं तुम्ही सांगा."

घरी येऊन मी कानडीत जबाब लिहिला. काय विचारलं गेलं, मी काय उत्तर दिलं, कुठला शब्द हवा होता, सभेत काय गाळलं. चौथ्या दिवशी तो घेऊन परत बोगादीला गेलो, कारण तिला वाचून दाखवल्याशिवाय पुढे पाठवणं मला बरं वाटेना. कानडी बघून मराठीत सांगत गेलो. एका ठिकाणी जीभ अडली. कानडीत मी लिहिलं होतं, आरोपीनं बडवल्याचं कबूल केलं होतं, जीव घेतल्याचं नव्हे. ते वाचताना तोंडून निघालं, "त्यानं मारलं होतं, मारलं नव्हतं." मी थांबलो. दुसरे शब्द होते, पण ते त्या वेळी सुचेनात.

"कळलं मला," ती म्हणाली. "पुढे वाचा."

जबाब आधी वकिलाला दाखवला. त्यानं तो दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. "रायरे, ह्यानं नोकरी जाईल तुमची. आणि ते साहेब तर कायम होतील. तुम्हाला नक्की काय साधायचंय?"

"काही साधायचं नाही."

"मग आताच का? चार वर्षं का गप्प होतात?"

मी कागदासाठी हात पुढे केला. तो कागद परत देताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी तुम्हाला अडवणार नाही." त्यानंतर तो माझ्याशी कामाशिवाय कधी बोलला नाही.

मी सकाळच्या आगगाडीनं बंगळूरला गेलो. साहेब बंगल्याच्या पुढच्या खोलीत होते, चार वर्षांत बरेच वाळलेले. मी कागद पुढे केला. त्यांनी सावकाश वाचला, मग उठून कपाटातून एक जुनी वही काढली आणि पान उघडून माझ्यासमोर ठेवली. त्यांच्या हातानं इंग्रजीत लिहिलेलं होतं. दुभाष्याला शब्दाबद्दल विचारलं. परत विचारण्याची गरज नाही असं म्हणाला.

"हे तुमच्यापाशी होतं?" मी म्हणालो. "मग तुम्ही ते दाखवलं का नाही? एवढी बदनामी चाललीय."

"दाखवून काय सांगू? कारकुनानं चूक केली म्हणून?" ते खिडकीकडे बघत म्हणाले. "तो माणूस माझ्यापासून दहा पावलांवर उभा होता. त्याला कानडी येतं, हे पोलिसांच्या कागदात लिहिलेलं होतं. मलाही कानडी येतं. मी त्याला स्वतः विचारू शकत होतो. तुम्ही नको म्हणालात, आणि मला ते बरं वाटलं. तिसरा दिवस होता, उकाडा होता. हे मी ह्या वहीत लिहिलेलं नाही."

त्यांनी वही मिटून परत कपाटात ठेवली. मग ते म्हणाले, "तुमचा कागद दिवाणांच्या कचेरीत द्या. तुम्ही लिहिलंय तर द्यायलाच हवा. मी मात्र तो मागितला नव्हता, हे लक्षात ठेवा."

मी तो दिला. महिन्याभरात साहेब कायम झाले. माझ्या जबाबामुळे झाले की व्हायचेच होते, मला कधी कळलं नाही. विरोधी वकील निषेध म्हणून एक दिवस कोर्टात गेले नाहीत. दुसऱ्या बाजूच्या लोकांनी साहेब म्हैसूरला आले तेव्हा स्टेशनवर हार घातले, आणि त्यातले काही जण तसाच एक हार घेऊन माझ्या घरी आले. सत्यवादी म्हणाले मला. मी दार लावून घेतलं. विरोधक मला फितूर म्हणत. दोन्ही बाजूंच्या पत्रकांत माझ्याविषयी मजकूर आला. फाशी गेलेल्या माणसाचा उल्लेख हळूहळू 'तो खटला' एवढाच उरला, आणि पुढे तोही गेला. माझं दुभाष्याचं काम काढून मला जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं. त्यात अन्याय काही नव्हता.

तिथे एक दिवस ती आली. ती मुलीला घेऊन तंजावरकडे, भावाकडे चालली होती. घोडी विकली नव्हती, दिराकडे ठेवली होती.

"त्यांचं बोलणं कोर्टानं लिहून घेतलं होतं ना?" तिनं विचारलं. "त्याची नक्कल द्या मला. मुलगी मोठी झाल्यावर वाचेल."

मी फाईल काढली. पानं उलटली. साहेबांनी इंग्रजीत लिहिलेलं होतं, आमच्या कारकुनांनी कानडीत लिहिलेलं होतं. दोन्ही माझ्या तोंडून गेलेलं. तो जे बोलला ते, त्याच्या भाषेत, संस्थानाच्या एकाही कागदावर नव्हतं.

तिला तसं सांगितलं. ती जागची हलली नाही. मी कोरा कागद घेतला आणि मला आठवत होतं तसं बाळबोध लिपीत लिहून काढलं. तीन वाक्यं. एकही शब्द बदलला नाही, सही केली नाही, शिक्का मारला नाही. तिला वाचता येत नव्हतं. तिनं तो कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "वाचून दाखवा."

मी वाचला. त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. माझाच आवाज मला ओळखू आला नाही, तो घोगरा निघाला. तिनं डोळे मिटून ऐकलं, कागद घडी करून कमरेला खोचला, मुलीला बोट दिलं आणि स्टेशनच्या दिशेनं निघून गेली. मी फाईल परत बांधायला घेतली.